न झालेल्या गोलांची वही

काष्टीत शनिवार कुणाला सांगावा लागत नाही. पहाटेपासून टेम्पो आणि पिकअप येऊ लागतात, नगर-दौंड रस्त्याच्या कडेला बैलांच्या घुंगरांचा आवाज सुरू होतो आणि दिवस मावळेपर्यंत श्रीगोंदा तालुक्यातलं हे गाव बाजाराचं असतं. ४ मे २०२४ हा असाच एक शनिवार होता. ऊन टिपेला पोचलेलं, लोकसभेचा प्रचारही टिपेला. रात्री नऊच्या सुमारास बाजारतळ जवळजवळ रिकामा झाला होता. न विकलेली खोंडं घेऊन टेम्पोची वाट पाहणारे चार-दोन शेतकरी टपरीवर बसले होते. मी फोन पाण्याच्या जगाला टेकवून ठेवला होता आणि फोनवर कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम दिसत होतं.

इंडियन सुपर लीगची अंतिम लढत होती, मोहन बागान विरुद्ध मुंबई सिटी. साठ हजारांवर माणसं मोहन बागानची. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला जेसन कमिंग्जने गोल केला आणि ते स्टेडियम फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधूनही गरजलं. मग उत्तरार्धात परेरा दियाझ, बिपिन सिंग आणि अगदी शेवटच्या क्षणी याकुब वोयतुश. मुंबई ३-१. थोड्या वेळाने निळ्या जर्सीतल्या कप्तानाने कप डोक्यावर उचलला.

शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने मान पुढे काढून विचारलं, "हा आपल्याकडचा दिसतोय गं पोरगा?"

टपरीवाल्या मावशींनी माझ्याकडे बोट केलं. मी म्हणालो, "हो नाना, मुंबईचा आहे. राहुल भेके."

"किती गोल केले ह्यानं?"

"आज एकही नाही."

"मंग कप ह्याच्या हातात कसा काय?"

"कॅप्टन आहे तो," मी म्हणालो. उत्तर बरोबर होतं, पण नानांच्या प्रश्नाला ते पुरत नव्हतं आणि ते त्यांनाही कळलं. त्यांनी मान हलवली आणि खोंडाच्या दाव्याकडे वळले. पुढच्या पानांमध्ये ज्या आठवणी एकत्र केल्या आहेत, त्या त्या अपुऱ्या उत्तरातून सुरू झाल्या. त्याच उन्हाळ्यात भेके मुंबई सिटी सोडून बंगळुरूला गेला. तो अजून खेळतो आहे, भारताकडूनही खेळतो आहे. पण मुंबईच्या चाहत्यांसाठी तो आता माजी झाला, आणि आपल्याकडे माजी बचावपटू किती लवकर विस्मरणात जातो हे ठाऊक असल्यामुळे मी ओळखीच्या, अनोळखी प्रेक्षकांकडून त्याच्याविषयी लिहून घ्यायला सुरुवात केली. एक वही भरली. ही तिची प्रस्तावना.

आधी थोडा माणूस. राहुल भेकेचा जन्म ६ डिसेंबर १९९० चा, मुंबईचा. प्रशिक्षक खालिद जमील यांच्या हाताखाली मुंबई एफसीत तो वाढला. पुढे कोलकात्यात ईस्ट बंगाल, २०१५ मध्ये उसनवारीवर केरळ ब्लास्टर्स, २०१६ मध्ये तसाच एफसी पुणे सिटी, २०१७ पासून बंगळुरू, २०२१ पासून तीन हंगाम मुंबई सिटी आणि आता पुन्हा बंगळुरू. भारताची जर्सी मिळाली ती ५ जून २०१९ ला, थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये कुरासावविरुद्ध. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. आघाडीच्या खेळाडूचं या वयात अर्धं आयुष्य संपलेलं असतं. बचावपटूचं मात्र गव्हासारखं नाही, उसासारखं असतं. उभं राहायला वेळ लागतो. तो राईट बॅक म्हणून खेळला, मधला स्टॉपर म्हणून खेळला, आणि त्याचा लांब थ्रो ही कोलकात्यात आणि कोचीत लोकांनी ओळखलेली पहिली खूण होती. हाताने टाकलेला चेंडू थेट गोलसमोर जाऊन पडायचा. आमच्याकडे गोफण फिरवणाऱ्या पोराला जशी दाद मिळते, तशी दाद त्या थ्रोला मिळायची.

आता या वहीची पहिली अडचण सांगतो, कारण ती मोठी आहे. मी सगळ्यांना एकच विनंती केली होती: बचावपटू म्हणून भेके तुम्हाला कसा आठवतो ते लिहा. बहुतेकांनी लिहिलं त्याच्या गोलांविषयी.

त्यांना दोष कसा द्यायचा? गोलच तसे आहेत. २० एप्रिल २०१८, भुवनेश्वर, सुपर कपची अंतिम लढत. समोर त्याचाच जुना क्लब ईस्ट बंगाल, आणि बंगळुरू एका गोलने मागे. बरोबरीचा गोल भेकेचा. पुढे बंगळुरूने सामना ४-१ असा काढला. मग १७ मार्च २०१९, रविवार. लीगची अंतिम लढत मुंबईत, अंधेरीच्या मैदानावर. खेळणारे दोन्ही संघ बाहेरचे, बंगळुरू आणि गोवा. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहूला दुसरं पिवळं कार्ड मिळालं आणि तो बाहेर गेला. ११७ व्या मिनिटाला दिमास देल्गादोने कॉर्नर मारला आणि मुंबईच्या पोराने मुंबईतच, दुसऱ्या शहराच्या जर्सीत, डोक्याने सामना संपवला. त्या संध्याकाळी स्टँडमध्ये असलेल्या एका मुंबईकराने वहीत लिहिलं आहे की आनंद मानावा की हळहळ, हे त्याला दोन दिवस ठरवता आलं नाही. मला ते वाक्य या वहीतलं सगळ्यात खरं वाटतं.

आणि मग रियाध. ११ एप्रिल २०२२. महात्मा फुल्यांच्या जयंतीचा दिवस, म्हणून आमच्याकडे तारीख लक्षात राहायला वेगळं काही लागत नाही. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई सिटीसमोर इराकचा अल कुवा अल जविया हा संघ होता. इराकच्या हवाई दलाचा, आशियातला नावाजलेला संघ. तीन दिवस आधी अल शबाबने मुंबईला ३-० असं हरवलेलं. उत्तरार्धात इराकी संघाने आघाडी घेतली, दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी केली आणि ७५ व्या मिनिटाला कॉर्नरवर भेकेचा हेडर. २-१. या स्पर्धेच्या मुख्य फेरीत भारतीय क्लबने मिळवलेला तो पहिला विजय. कॉर्नर मारणारा कोण होता? अहमद जाहू. तीन वर्षांपूर्वी अंधेरीत ज्याच्या जाण्याने भेकेला वाट मोकळी झाली, तोच जाहू आता मुंबईच्या जर्सीत त्याच्या डोक्यावर चेंडू आणून ठेवत होता. फुटबॉलमध्ये सोयरिकी अशाच जुळतात.

रियाधच्या त्या हेडरवर वहीत सगळ्यात जास्त पानं आहेत. चेंडू डावीकडून आला की उजवीकडून, यावर एकमत नाही. एकाने लिहिलं की भेके तीन जणांवरून उडी मारून गेला, दुसऱ्याने लिहिलं तो मोकळाच होता. चित्रफीत पाहून मी ते दुरुस्त करू शकलो असतो. केलं नाही. आठवण ही साक्ष म्हणून मागितली नव्हती.

पण या पानांच्या ढिगाकडे पाहिल्यावर मला जर्नेलसिंग आठवले. मोहन बागानचे आणि भारताचे थोर स्टॉपर. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत डोक्याला टाके पडले म्हणून त्यांना अंतिम सामन्यात पुढे, आघाडीला खेळवलं गेलं, आणि दक्षिण कोरियाविरुद्ध २-१ अशा विजयात एक गोल त्यांचा होता. आशियाई स्पर्धेत भारताने फुटबॉलचं सुवर्णपदक त्यानंतर पुन्हा कधी जिंकलं नाही. आज जर्नेलसिंगांचं नाव निघालं की लोक तो गोल सांगतात. वर्षानुवर्षं त्यांनी मागे उभं राहून जे अडवलं, त्याचं काय? देशाचा सर्वांत नामांकित बचावपटू आपल्याला एका गोलसाठी आठवतो. मैदानाच्या उलट्या टोकाला आपण त्याची आठवण ठेवली आहे.

याहून वाईट प्रकार दुसरा. बचावपटू आठवतो तो त्याच्या एका चुकीने. कोलंबियाचा आंद्रेस एस्कोबार. १९९४ चा विश्वचषक, २२ जून, अमेरिकेविरुद्धचा सामना. समोरून आलेला चेंडू अडवायला त्याने पाय पसरला आणि चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. २ जुलैला मेडेलीनमध्ये त्याला गोळ्या घालून मारण्यात आलं. मेडेलीनमधल्या त्याच्या क्लबच्या चाहत्यांनी त्याला सभ्य, शांत खेळाचा माणूस म्हणून ओळखलं होतं. जगाला मात्र तो पसरलेला पाय तेवढा माहीत आहे. अडवायला गेला म्हणून चुकला, हे कुणी म्हणत नाही. जो अडवायला जातच नाही त्याच्या नावावर असा गोल कधी लागत नाही.

म्हणून मी वहीत दोन पानं मुद्दाम मागून घेतली. एका चाहत्याला म्हटलं, २३ ऑक्टोबर २०२३ वर लिही. पुन्हा रियाध, यावेळी अल हिलाल, आणि मुंबईचा ०-६ असा पराभव. त्या मोसमात आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटातले सहाच्या सहा सामने मुंबई सिटीने गमावले आणि सहा सामन्यांत मिळून एकच गोल केला. ज्या शहरात पहिला विजय मिळाला त्याच शहरात सहा गोल खाल्ले. बचावपटूवर लिहायचं आणि ही रात्र वगळायची, असं चालणार नाही. त्याने लिहिलं, थोडं रडत-कुढत, पण प्रामाणिकपणे. दुसरं पान २९ मार्च २०२५ चं. बाद फेरीत बंगळुरूने मुंबईला ५-० असं धुतलं. ज्याला आपण निरोप दिला, त्याच्या संघाकडून मार खाणं ही चाहत्याच्या आयुष्यातली वेगळीच ठेच असते.

आता नानांच्या प्रश्नाकडे येतो.

मी शाळेत कबड्डी खेळलो, डाव्या कोपऱ्यात. आमच्या भागात मैदान म्हटलं की आधी कबड्डी आणि कुस्तीचा आखाडा, फुटबॉल टीव्हीतून नंतर आला. त्यामुळे फुटबॉल मी कबड्डीच्या डोळ्यांनी पाहायला शिकलो आणि अजूनही तसाच पाहतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला जसा गुण मिळतो तसाच पकड करणाऱ्यालाही मिळतो. कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला, मधल्याने साखळी करून पाठीमागून दाबलं, पंचाची शिट्टी वाजली की फळ्यावर आकडा चढतो. तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेले असताना पकड झाली तर अव्वल पकड, एक गुण जादा. अडवणं ही कमाई आहे हे कबड्डीच्या नियमातच लिहिलेलं आहे. २०१४ या एकाच वर्षी प्रो कबड्डी आणि इंडियन सुपर लीग दोन्ही सुरू झाल्या. कबड्डीच्या लीगने पहिल्या दिवसापासून पकडींचे गुण मोजून बचावपटूंची नावं घराघरांत नेली. पोरं उजवा कोपरा कोण, डावा कोपरा कोण हे पाठ म्हणू लागली.

फुटबॉलमध्ये फळा एकाच गोष्टीचा आहे. नव्वद मिनिटांत बचावपटूने दहा वेळा चेंडू पायातून काढून घेतला, तरी फळ्यावर शून्यच. शून्य राहिलं हीच त्याची कमाई, पण ते श्रेय बहुतेकदा गोलरक्षकाच्या खात्यावर जमा होतं. अलीकडे कंपन्या चेंडू किती वेळा बाहेर मारला, किती वेळा मधेच तोडला याचे आकडे काढतात. त्यातही सगळ्यात चांगला बचाव निसटतो. चांगला स्टॉपर योग्य जागी आधीच उभा असतो, म्हणून पास दिलाच जात नाही. न दिलेला पास कोण मोजणार? खळ्यावर मळणीला बैलांची पात फिरते तेव्हा मेढीजवळचा बैल सगळ्यात कमी चालतो. नवख्याला वाटतं तो आळशी आहे. जाणत्याला माहीत असतं की पातीची चाल त्याच्यावर आहे, म्हणून तिथे समजूतदार, वयात आलेला बैल जोडतात. त्या रात्री हे मी नानांना सांगितलं असतं तर त्यांना एका वाक्यात पटलं असतं. बैलांच्या बाजारात बसून मला बैलाची गोष्ट सुचली नाही, याची रुखरुख अजून आहे.

टीव्हीवर हे दिसतही नाही. कॅमेरा चेंडूमागे धावतो आणि बचावपटूचं निम्मं काम चेंडू नसतो तिथे चालतं. ते दिसतं स्टँडमधून. मला ते पहिल्यांदा नीट दिसलं १८ सप्टेंबर २०२३ ला, पुण्यात. मुंबई सिटीचे आशियाई चॅम्पियन्स लीगमधले घरचे काही सामने त्या वर्षी बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाले. पहिला इराणच्या नस्साजी मझांदरानविरुद्ध होता. सोमवार, हरतालिकेचा दिवस, दुसऱ्या दिवशी गणपती. काष्टीहून गाडीने दौंड, दौंडहून पुणे, आणि पुण्यात उतरल्यावर रस्तोरस्ती टेम्पोत, हातगाडीवर, डोक्यावर पाटात गणपती चाललेले. त्या गर्दीतून बालेवाडीला पोचायला दौंडहून पुण्याला यायला लागला तेवढाच वेळ लागला.

त्या रात्री मी मनाशी ठरवलं होतं की चेंडू पाहायचा नाही, मुंबईची मागची ओळच पाहायची. पहिली दहा मिनिटं फार जड गेली. मान आपोआप चेंडूकडे वळते. नंतर डोळे बसले आणि समोर चार माणसं एका दोरीला बांधल्यासारखी हलताना दिसू लागली. एक पुढे सरकला की बाकीचे तिघे सरकतात, एक मागे पडला की तिघांचे हात वर जातात, एक जण बोटाने मोकळी जागा दाखवतो, दुसरा न पाहता तिकडे जातो. हे सगळं चेंडू पलीकडच्या अर्ध्यात असताना. मुंबई ०-२ हरली. दोन वेळा ती दोरी तुटली आणि दोन्ही वेळा गोल झाला. पण ती किती वेळा तुटली नाही, ते त्या रात्री स्टँडमध्ये बसलेल्यांनाच माहीत आहे. सामन्याच्या कुठल्याही बातमीत ते नव्हतं. परतीला पुण्याहून रात्रीच्या गाडीने दौंड गाठलं, तिथून मित्राच्या मोटारसायकलवर काष्टी. घरी गणपतीची तयारी चालू होती. घरच्यांनी निकाल विचारला, मी हरलो म्हणून सांगितलं आणि मखर बांधायला बसलो.

या प्रवासापासून माझं मत पक्कं झालं की बचावपटूचा खरा इतिहास प्रेक्षकांच्या डोळ्यांत असतो आणि तो दुसऱ्या कुठेही नसतो. गोल करणाऱ्याचा इतिहास आकड्यांत सुरक्षित आहे. प्रेक्षक उद्या मेले तरी आकडे राहतील. बचावपटूचा प्रेक्षक गेला की सगळंच गेलं.

आणि महाराष्ट्रात प्रेक्षकाला बसायला जागाच राहत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. मुंबईत कधी काळी गिरण्यांचे, कंपन्यांचे संघ होते. मफतलाल, ओर्के मिल्स, टाटा. कूपरेजच्या बाकांवर बसून माणसं या संघांवरून भांडत. ते संघ गेले. महिंद्रा युनायटेड, ज्याने २००५-०६ मध्ये डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय लीग जिंकली होती, २०१० मध्ये बंद झाला. परेरा स्वतः साळगावकरचे आणि भारताचे बचावपटू, आणि बचावपटू पुढे चांगले प्रशिक्षक होतात असं मला वाटतं त्याचं कारण हेच की त्यांनी सगळा खेळ तोंडासमोर ठेवून पाहिलेला असतो. पुण्यात पुणे एफसी आला, गेला. भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये मावळला, मुंबई एफसी त्याच वर्षी. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये संपला. भेके ज्या मुंबई एफसीत घडला तो क्लब नाही, ज्या पुणे सिटीकडून बालेवाडीत खेळला तो क्लबही नाही. त्या क्लबांची दप्तरं कुठे आहेत, कुणाकडे आहेत, माझ्यासारख्याने कुठे जाऊन पाहायचं? क्लब बुडतो तेव्हा मालकाचा तोटा ताळेबंदात येतो. शनिवार-रविवार वाचवून, गाडीभाडं घालून येणाऱ्या माणसाचा तोटा कुठेच येत नाही.

कोल्हापूरकडे पाहिलं की जीव थोडा थंड होतो. तिथे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. जिथे कुस्तीचे पैलवान घुमले त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. शाहू स्टेडियमवर पेठेची पेठ येऊन बसते. एखाद्या तालमीचा जुना बॅक आज साठीला आला असेल, तरी संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर तो बसलेला असतो आणि त्याने अडवलेला कुठला तरी चेंडू त्याच्यासमोरच, त्याच्या वयाच्या माणसाकडून, पोरांना सांगितला जातो. संघाला मालक नाही, गल्ली आहे. गल्ली विकता येत नाही. निकोप आठवणीला एवढंच लागतं, एक कट्टा आणि न हलणारं नाव. मुंबई-पुण्याच्या चाहत्याला तो कट्टा नाही, म्हणून वही.

या वहीत काय चांगलं आहे तेही सांगायला हवं. हेडरच्या ढिगाखाली, थोडं खणल्यावर, खऱ्या बचावाच्या आठवणी सापडतात. २०२२-२३ च्या हंगामावर एका मुलीने लिहिलेली चार पानं मला फार मोलाची वाटतात. त्या वर्षी मुंबई सिटीने पहिले अठरा सामने अपराजित राहून ४६ गुणांनी लीगची ढाल, म्हणजे साखळी फेरीतल्या पहिल्या स्थानाचं बक्षीस, जिंकली. सगळ्यांनी त्या संघाचे गोल लक्षात ठेवले, कारण तो संघ गोल करतही खूप होता. ही मुलगी लिहिते की मुंबईचा हल्ला सुरू झाला की ती उलट दिशेला, आपल्या गोलकडे पाहत असे. सगळे पुढे गेलेले असताना मागे कोण उरतं, कुठे उभं राहतं, हे पाहण्याचा तिला नाद लागला होता. तिच्या शेजारचे लोक गोल झाल्यावर तिला हलवून सांगत. चार पानांत तिने एकाही गोलचं वर्णन केलेलं नाही. अशी दहा माणसं मिळाली असती तर या वहीचा ग्रंथ झाला असता.

आणखी एक गोष्ट वहीतून दिसते. चाहते भेकेला तीन वेगवेगळ्या नात्यांनी आठवतात. बंगळुरूकरांसाठी तो जाऊन परत आलेला आहे. कोलकात्याच्या आणि कोचीच्या मराठी माणसांनी लिहिलं आहे की परक्या शहरात, परक्या भाषेच्या घोषणांमध्ये, जर्सीवर आपल्याकडचं आडनाव दिसलं की बरं वाटायचं. मुंबईकर मात्र त्याला घरातल्या थोरल्या मुलासारखं आठवतात: नोकरीसाठी बाहेर गेला, नाव काढलं, तीन वर्षं घरी येऊन राहिला, घर उभं केलं आणि पुन्हा गेला. या शेवटच्या आठवणींत थोडी तक्रार आहेच. १५ एप्रिल २०२४ ला याच सॉल्ट लेकवर मोहन बागानने २-१ ने हरवून मुंबईकडून लीगची ढाल नेली होती. तीन आठवड्यांच्या आत त्याच मैदानात, त्याच संघाविरुद्ध, कप उचलून तो गेला. असं काही मिळवून दिल्यावर जाणाऱ्यावर रागावता येत नाही, आणि न रागावता राहवतही नाही.

त्यानंतर भारताकडून त्याने आणखी दोन महत्त्वाचे गोल केले, १८ नोव्हेंबर २०२४ ला हैदराबादला मलेशियाविरुद्ध बरोबरीचा आणि १९ मार्च २०२५ ला शिलाँगला मालदीवविरुद्ध पहिला. दोन्ही डोक्याने. मलेशियाविरुद्धचा कॉर्नर ब्रँडन फर्नांडिसचा होता. हा गोव्याचा ब्रँडन २०१९ च्या त्या अंधेरीच्या अंतिम सामन्यात हरलेल्या बाजूला होता, आणि कुरासावविरुद्ध भेकेबरोबर त्याच दिवशी भारताची पहिली जर्सी घालून उतरला होता. म्हणजे हेडरची पानं वाढतच जाणार आहेत. मी ती थांबवणार नाही. फक्त लिहिणाऱ्याला सांगतो की हेडर झाल्यावर तो धावत मागे गेला, तिथून पुढची पंधरा मिनिटं काय झालं तेही लिही. रियाधच्या त्या रात्री ७५ व्या मिनिटानंतर इराकचा संघ काही हात बांधून बसला नव्हता. विजय त्या पंधरा मिनिटांत राखला गेला. त्यावर वहीत अजून अर्धं पानसुद्धा नाही.

सगळ्यात कमी मजकूर आहे तो २०१६ च्या पुण्याच्या हंगामाचा. काष्टीला सगळ्यात जवळचं मैदान तेच होतं, शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि तरी त्या वर्षी मी गेलो नाही. ऊस तुटायचा होता. त्या हंगामात बालेवाडीच्या स्टँडमध्ये बसलेली माणसं आज हिंजवडीत, पिंपरीत, हडपसरला, बारामतीत कुठे ना कुठे असतील. त्यांच्यापैकी कुणी नारंगी जर्सीतला तो राईट बॅक पाहिला असेल, एखादा सामना, एखादा थ्रो, पावसात घसरून उठलेला एखादा क्षण, किंवा ज्यात काहीच घडलं नाही असा एखादा कंटाळवाणा अर्धा तास, तर तो लिहून द्यावा. शेवटचा मला सगळ्यात जास्त हवा आहे. शनिवारी मी बाजारात असतो, मावशींच्या टपरीवर.